खाली उतरताना

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. म्हणजे तो सरळच होता… उलटी मी होते.

दुपारची वेळ होती. वर्गात कुणी नव्हतं. कोपरं जमिनीवर, पाय वर, पाठीची कमान आणि दोन्ही टाचा हळूहळू डोक्याकडे सरकतायत — वृश्चिकासन. टाचा डोक्याला टेकायला वीतभर अंतर उरलं होतं आणि ते वीतभर अंतर मला कित्येक महिने छळत होतं. श्वास रोखायचा नाही, कपाळावर आठी येऊ द्यायची नाही. स्पर्धेत परीक्षक चेहऱ्यालाही गुण देतात. तसा गुणी चेहरा करून मी केसभर पुढे, केसभर पुढे सरकत होते, आणि तेवढ्यात दारातून एक भरदार पुरुषी आवाज आला —

"अगं बाळा, आता तू खाली कशी उतरणार गं?"

मी धाडकन पडले.

उठून बसले तेव्हा जग सरळ झालं होतं आणि त्यात दोन माणसं उभी होती. एक उंच, किडकिडीत तरुण, बूट हातात धरून. निदान बूट काढून आत यायची अक्कल होती. त्याच्या शेजारी पिकल्या केसांची एक बुटकी बाई, तोंडावर हात ठेवून. तरुणाचे कान लालबुंद झाले होते.

"बाळ कुणाला म्हणालात?" मी कोपर चोळत विचारलं.

"मी नाही म्हणालो. आई म्हणाली."

"ह्या? ह्यांचा आवाज असा आहे?"

"तिला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आवाज माझा असतो. म्हणजे… शब्द तिचे, आवाज माझा. ती जसं म्हणेल तसंच मी म्हणायचं. दुभाषी आहे मी. कोर्टात, हॉस्पिटलात, सरकारी कचेऱ्यांत, दिवसभर हेच. आणि घरी सुट्टी नाही."

बाईंनी त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि त्यांची बोटं भराभर हलायला लागली. तो लगेच म्हणाला, "लागलं का बाळा? ह्या गाढवाला कुठं काय बोलावं कळत नाही." मग जरा थांबून, पडेल आवाजात, "हेही तीच म्हणाली."

मला हसू आवरेना.

वरच्या मजल्यावर हाडांचा दवाखाना होता. काकूंचा गुडघा धरला होता आणि डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला होता. लिफ्ट बंद म्हणून दोघं जिन्याने उतरत होते, काचेच्या दारातून मी दिसले आणि काकू जागच्या हलेनात.

"त्यांना विचारा ना," मी त्याला म्हटलं, "आमच्या वर्गाला येतील का?"

"तिलाच विचारा. माझ्याकडे नका बघू, तिच्याकडे बघा."

मी काकूंकडे पाहिलं. समोरच्याकडे इतकं टक लावून बघणारे डोळे मी आजवर पाहिले नव्हते. "याल का?" मी विचारलं. माझ्या बाजूला त्याचे हात हलले आणि काकूंनी जोरात मान डोलावली. त्याला आवाज द्यायची गरजच पडली नाही.

तर असं ते सुरू झालं.

मी तेव्हा मॅडमच्या योगवर्गात शिकवत होते आणि त्यांच्याकडेच शिकत होते. मॅडमनी मला शाळेच्या मैदानावर हेरलं होतं — कोलांट्या मारणारी, कुठूनही कशीही वळणारी एक बारीक पोर. त्या दिवसापासून माझं अंग माझं कमी आणि त्यांचं जास्त होतं. मागच्या वर्षी जागतिक स्पर्धेची निवड माझ्या हातून अगदी थोडक्यात निसटली. कारण तेच, टाचा टेकल्या नाहीत. आई-बाबा दुसऱ्या गावी असत. फोन आला की 'जेवलीस का'च्या आधी प्रश्न यायचा, "टाचा टेकल्या का गं?"

काकू सकाळच्या सोप्या वर्गाला येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर तोही. मी पुढे बोलणार, तो माझ्या शेजारी उभा राहून माझं बोलणं हातांनी सांगणार. मला वाटलं होतं, काय मोठंसं त्यात!

पहिल्याच दिवशी मी माझ्या नेहमीच्या संथ, गोड आवाजात म्हणाले, "पाठीच्या कण्यातून प्रकाश वर चढू द्या…"

शेजारचे हात थांबले.

"टीचर, हा प्रकाश कुठून निघतो आणि कुठं जातो? मला हात न्यायचेत."

वर्गात खसखस पिकली.

"म्हणजे… पाठ ताठ ठेवा."

एक साधी खूण. काकूंची पाठ ताठ.

"आता हृदय उघडा."

काकूंची बोटं हलली. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "इथंच, की वरच्या दवाखान्यात?"

मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो निर्विकार. पण गालावर एक खळी होती, ती काही त्याच्या ताब्यात नसावी.

त्या दिवसापासून मी वर्गात कमी बोलायला लागले. रोज रात्री पाठ केलेली वाक्यं सकाळी त्याच्या हातांसमोर येऊन उभी राहायची आणि त्यातली निम्मी पोकळ निघायची. मला त्याचा राग यायचा. आणि तो एखाद्या दिवशी कोर्टाच्या कामामुळे आला नाही की जास्तच राग यायचा.

एकदा सगळा वर्ग मार्जारासनात होता. हात-गुडघे टेकून, मांजरासारखी पाठ वर. मी केस मोकळे सोडून आले होते. धुतलेले, वाळायला वेळ मिळाला नव्हता. आवाज आला —

"आज फार छान दिसतेस."

"हे कोण म्हणालं?"

"आई."

मी काकूंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काकूंचे दोन्ही हात जमिनीवर आहेत."

त्याने आईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कान आधी तांबडे झाले, मग मान. "मघाशी म्हणाली असेल… मला पोचायला उशीर झाला," तो पुटपुटला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

त्यानंतर वर्ग सुटला की आम्ही काकूंना बसमध्ये बसवायचो आणि पुढे चालत जायचो. तो मला खुणा शिकवायचा. श्वास. हळू. पुरे. उद्या. चुकलं. मी चुकीची खूण केली की तो माझी बोटं धरून वळवायचा आणि मग ती सोडायला विसरायचा.

"हात सोड ना," एकदा तोच म्हणाला, "मला बोलता येत नाही."

"तोंड आहे की तुला."

"त्याची सवय नाही."

थट्टाच होती ती. पण मग बसथांब्याच्या छपराखाली, बारीक पावसात, त्याने मला त्या सवयीचं कारण सांगितलं. लहान असताना तो आईबरोबर हॉस्पिटलात गेला होता. आत आजोबा होते. डॉक्टर बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, आईला सांग, ते गेले.

"मला नीट कळायच्या आधी मला ते सांगावं लागलं," तो म्हणाला. "आई रडायला लागली तेव्हा मला कळलं मी काय सांगितलंय. तेव्हापासून दुसऱ्यांचंच बोलतोय. कुणाचा घटस्फोट, कुणाचा आजार… सगळ्यांची वाक्यं अस्खलित येतात. माझं स्वतःचं वाक्य सुरू केलं की अडकतो बघ."

"मार्जारासनात नव्हतास अडकला."

तो हसला. "ते निसटलं."

पावसाचे थेंब छपरावरून ओघळत होते. बस आली, गेली. आम्ही दोघांनीही हात केला नाही.

आता मी जे सांगणार आहे ते मला त्या दिवसांत कुणालाच सांगायचं नव्हतं.

माझी कंबर दुखत होती. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग नुसतं खुर्चीतून उठतानाही. डाव्या बाजूला, खाली, कुणी खिळा ठोकावा तसं. मी स्प्रे मारायचे, गोळी घ्यायचे आणि शांत चेहरा करून वर जायचे. अंतर वीतभराचं चार बोटांवर आलं होतं. अशा वेळी थांबतं का कुणी?

एका दुपारी मात्र डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि त्या जाईनात. मी गुपचूप वरच्या मजल्यावर गेले. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मणक्याच्या हाडाला चीर गेली होती.

"पाठ मागं वाकवणं आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"आधी बंद कर, मग दिवस विचार. ऐकलं नाहीस तर हाड सरकेल. मग मी तुला आसनांबद्दल नाही, चालण्याबद्दल सांगत बसेन."

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. तो काकूंची पुढची वेळ घ्यायला वर येत होता. मला बघून थांबला. काही विचारलं नाही. खालच्या पायरीवर बसला, माझ्याकडे तोंड करून. काकूंसारखंच बघता येतं त्यालाही. मी सगळं सांगून टाकलं.

"मॅडमना सांगू नकोस," मी म्हणाले. "कुणालाच नको. निवड होऊन जाऊ दे. मग मी विश्रांती घेईन, देवाशपथ."

"कामात ऐकलेलं मी बाहेर नेत नाही," तो म्हणाला.

"हे काम नाहीये."

"नाही ना. म्हणून तर अवघड आहे."

तरी तो कुणाला बोलला नाही. आणि मी रोज वर जात राहिले.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात ते झालं. मॅडम समोर होत्या, हाताची घडी घालून. मी अंग कोपरांवर तोललं, पाय वर नेले, छाती पुढे ढकलली, आत काहीतरी कचकन बोललं आणि मग… केसांना टाचांचा स्पर्श झाला. माझ्याच टाचा, माझ्याच डोक्यावर. मॅडम, ज्यांना मी कधी हसतानाही फारसं पाहिलं नव्हतं, त्या रडायला लागल्या. "धर… धर… अजून थोडं," म्हणत टाळ्या वाजवायला लागल्या. दारात तो उभा होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

नंतर जिना उतरताना मला प्रत्येक पायरीला कठड्याला धरावं लागत होतं. तो खाली थांबला होता.

"चल, वर दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला.

"वेड लागलंय? आत्ता? टेकल्या रे टाचा! बघितलंस ना?"

"बघितलं. टाळ्याही वाजवल्या. माझीच मला लाज वाटली."

"मग नको होत्यास वाजवायला."

"सगळी वाजवत होती. आणि तुझा चेहरा इतका शांत होता, की क्षणभर मलाही खरं वाटलं तुला काही होत नाही म्हणून. तू मला गप्प बस म्हणालीस, मी बसलो. पण गप्प बसून बघत राहणं मला नाही जमत."

"तुला काय वाटतं, मला कळत नाही? कळतं. पण हे सोडलं तर माझ्यात उरतं काय? शाळेपासून मी हेच आहे — जिला वाकता येतं ती. वाकता नाही आलं, तर मी कोण?"

मला वाटलं होतं, तो काहीतरी म्हणेल. एक शब्द म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याने तोंड उघडलं, हात जरासे उचलले… आणि खाली सोडले.

"मी उद्यापासून येत नाही," एवढंच म्हणाला.

"तू मला थांबवायला बघतोयस."

"नाही. मी थांबलोय."

दुसऱ्या दिवशी काकू एकट्या आल्या. मी माझ्या मोडक्यातोडक्या खुणांनी विचारलं, तो कुठे? त्यांनी खूण केली — काम. पण माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या कामावर त्यांचाही विश्वास नसावा. त्या दिवशी मी अख्खा वर्ग जवळपास न बोलता घेतला. मार्जारासनात काकूंची पाठ हाताने वर उचलली आणि तिथंच डोळे भरून आले. बरं झालं, सगळ्यांच्या माना खाली होत्या.

निवडीचा हॉल मोठा होता, दिवे डोळ्यांवर येणारे. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांचा तळवा घामाने ओला होता. माझं नाव पुकारलं. मी मॅटच्या निळ्या चौकोनात गेले.

खोटं नाही सांगत, त्या वेळी खरोखर सुंदर वाटलं. पाय वर गेले, कमान उतरली, टाचा टेकल्या आणि सगळा आवाज लांब गेला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी एखाद्या थेंबासारखी लोंबत होते आणि पडत नव्हते. टाळ्या सुरू झाल्या. उलट्या जगात, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत मला काकू दिसल्या. त्यांनी येणार म्हणून सांगितलंही नव्हतं. दोन्ही हात हवेत उंच करून त्या पंजे थरथरवत होत्या. ऐकू न येणारे लोक टाळ्या अशा वाजवतात, हे मला त्यानेच शिकवलं होतं. एकट्याच आल्या होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती.

मग मी उतरायला लागले आणि काकूंचे हात हवेतच थांबले.

कुणालाच दिसलं नसेल. मी हसत उभी राहिले, मान लववली. पण डावा पाय माझा नव्हता. कुणीतरी दुसऱ्याचा आणून जोडल्यासारखा वाटत होता. निकाल लागला. पहिला क्रमांक माझा. कुणी मिठ्या मारल्या, कुणी फोटो काढले. मी प्रत्येक फोटोत हसले आहे. अजूनही ते फोटो बघून कुणाला काही ओळखू येत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी बाकावर बसले आणि मोजा हातात घेऊन बसूनच राहिले. पायापर्यंत हात पोचेना. ज्या पायाने मघाशी डोक्याला स्पर्श केला होता, त्याच्यात मला मोजा घालता येईना.

काकू आत आल्या. एक क्षण पाहिलं. मग बाकाचा आधार घेत, तोंड वाकडं करत, त्या हळूहळू खाली बसल्या. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि हातातला मोजा काढून घेतला.

तेवढ्यात मॅडम आल्या, आनंदाने फुललेल्या. "चल, बाहेर सगळे तुझी —" आणि थांबल्या.

"मॅडम," मी म्हणाले, "माझ्या मणक्याला चीर आहे. आधीपासून. मला माहीत होतं."

मॅडमनी दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या समोरच्या बाकावर बसल्या.

"मलाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तू डाव्या पायावरचा भार चोरायला लागलीस, तेव्हाच. जन्म गेला माझा अंगं बघण्यात. मला दिसणार नाही?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू बोलशील." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "तू बोलली नाहीस… आणि मला बरंच वाटलं."

काकू एकदा माझ्याकडे, एकदा मॅडमकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. काय? काय चाललंय?

सांगायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी हात उचलले. मला येत होत्या त्या खुणा किती थोड्या! त्यांत कारणं नव्हती, 'पण' नव्हतं, 'निवड होऊन जाऊ दे' नव्हतं. मी सांगितलं — पाठ. तुटली, थोडी. मला माहीत. मॅडमना माहीत. दोघी… गप्प.

एवढंच होतं ते. हातांनी सांगितल्यावर ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. आणि मी रडायला लागले, लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून.

काकूंनी माझ्या डोक्यात हलकेच एक टपली मारली. मग माझं डोकं ओढून खांद्यावर घेतलं. मॅडमकडे त्या रागाने पाहतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. एक मोजा घालून झाला होता, दुसरा त्यांनी मॅडमच्या हातात दिला. मॅडम काही वेळ तो धरून बसल्या. मग त्या माझ्या पायाशी बसल्या आणि माझ्या उजव्या पायात तो घातला. अगदी सावकाश, एकही सुरकुती न ठेवता.

जागतिक स्पर्धेला दुसऱ्या क्रमांकाची मुलगी गेली. मॅडमनीच समितीला कळवलं आणि कारणही खरं तेच सांगितलं. फोनवर बाबांनी सगळं ऐकून फोन आईकडे दिला आणि तिने विचारलं, "जेवलीस का?" मला कमरेला कडक पट्टा बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड सरकलेलं नाही, नशीब समज. दोन महिने मी छताकडे बघत पडून होते. पहिले काही दिवस वाटलं, जीव जाईल. मग जात नाही असं लक्षात आलं.

तो आला नाही. काकू यायच्या, उशाशी बसायच्या, माझ्या खुणा सुधारायच्या. त्याच्याबद्दल मी विचारत नव्हते. त्याही सांगत नव्हत्या.

चालायची परवानगी मिळाली त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. घंटी दाबली की त्यांच्या घरात दिवा लागतो. आत लखलख झालेली काचेतून दिसली. काकूंनी दार उघडलं. माझा पट्टा पाहिला, माझा चेहरा पाहिला, स्वयंपाकघराकडे बोट केलं, पायात चपला सरकवल्या आणि मला आत ढकलून स्वतः बाहेर निघून गेल्या.

तो भांडी घासत होता. हात कोपरापर्यंत साबणात.

"तू आला नाहीस," मी म्हणाले.

"तू बोलावलं नाहीस."

"मला वाटलं, तुला बघवत नाही."

"बघवत नव्हतंच." तो भांड्याकडेच बघत होता. "आईला रोज विचारायचो. काय खाल्लं, किती झोपली. ती चिडायची. म्हणायची, मी काय तुझी दुभाषी आहे?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. ज्याच्यासाठी आले होते ते अजून बोलायचं होतं.

"तू मला थांबवलं नाहीस म्हणून मी चिडले होते. पडल्यापडल्या कळलं, तू थांबवलं असतंस तरी मी थांबले नसते. तेव्हा तो तुझा दोष नाही. एवढंच सांगायला आले."

मी वळले. पट्टा बांधलेल्या माणसाला झटकन वळता येत नाही. तेवढ्यात त्याला वेळ मिळाला.

"थांब. त्या दिवशी जिन्यात विचारलंस, काय उरतं माझ्यात. मला उत्तर येत होतं." नळ गळत होता. त्याने तो बंद केला. "वाक्य येत नव्हतं."

"आता येतंय?"

"नीट नाही."

"मला घाई नाही. पळून जायची सोय नाहीये माझी."

त्याने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"मी म्हणणार होतो, तुझा नंबर येवो न येवो, मला काही फरक पडत नाही. पण ते खोटं आहे. तुझा निकाल लागला तेव्हा मी इथं उभा राहून मोबाइलवर बघत होतो… आणि नाचलो."

"नाचलास?"

"थोडासा. मग स्वतःवरच चिडलो. मग आईचा मेसेज आला आणि… खाली बसलो इथं, ओट्याला टेकून. तेव्हा नंबर आठवतसुद्धा नव्हता. तू उठशील का, चालशील का, माझ्याशी बोलशील का… एवढंच होतं डोक्यात." त्याने श्वास घेतला. "मला तू हवी आहेस. उभी, आडवी, पट्ट्यासकट. हे मीच म्हणतोय. दुसरं कुणी नाही."

मी इतक्या जोरात हसले की कमरेत कळ गेली आणि मी ओट्याला धरलं. तो दोन पावलांत माझ्यापाशी आला. पट्टा जिथं संपतो त्याच्या वर, पाठीवर, त्याने हात ठेवला. हात अजून ओला होता, गार होता.

"दुखतंय?"

माझा चेहरा सवयीने शांत व्हायला निघाला होता. मी तो होऊ दिला नाही.

"हो," मी म्हणाले. "खूप."

त्याने हात काढला नाही.